सारंगी अपडेट: कोमल गंधारातली भणभण सापडली (बहुतेक)

मंडळी, सापडली! दोन आठवडे डोकं पिकवलं त्या भणभणीने. मागच्या वेळी लिहिलं होतं बघा, कोमल गंधारावर गज (सारंगीचा बो) टेकला रे टेकला की बाटलीत माशी कोंडल्यासारखा आवाज, बाकीचे सूर एकदम स्वच्छ. तुमच्यातले तिघं म्हणाले जवारी (वरच्या काही तारांखालची चपटी पट्टी) घास, दोघं म्हणाले सारंगीच्या पोटावरचं कातडं कडेने सुटलंय. दोन्ही बघितलं. जवारीवरच्या ११ तारांमध्ये कापडाची पट्टी ओवून त्यांना गप्प केलं तरी माशी आहेच, आणि कातड्याच्या कडेने नखाने टकटक करत अख्खी फेरी मारली, कुठेच पोकळ वाजलं नाही.

मग राहिल्या बाजूच्या २४ तरफा (गज न लागता आपापल्या सुराला गुंजणाऱ्या तारा). इथे एक गंमत झाली. वैतागून मी कोमल गंधाराची तरफ चढवून शुद्ध गंधाराला नेली आणि भणभण पण तिच्याबरोबर उठून शुद्ध गंधारावर जाऊन बसली! म्हणजे सूर बिचारा निर्दोष, लाकूडही निर्दोष, चोर ती एकच तरफ. त्या रात्री साडेअकराला मी इतका खूश होतो की आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता झोप."

तार बदलली, तरी तेच. मग मोबाईलचा टॉर्च लावून सारंगीच्या छातीवर जिथे हाडाच्या छिद्रातून तरफ बाहेर येते तिथे डोळा लावला, आणि दिसलं, तार त्या हाडावर नीट बसतच नाहीये, नुसती टेकतेय. इतकी हलकी की वाजली की थरथरत हाडाला आपटणार. पण फेब्रुवारीत तर नीट होती की! तेव्हा घोडीची (कातड्यावर उभी राहून तारा पेलते ती) उंची मोजून वहीत लिहून ठेवली होती (टिंगल केली होती ना काही जणांनी?), आता पट्टी लावली तर घोडी २ मिलिमीटर खाली. पावसाळी ओलीने कातडं सैल, कातडं सैल की घोडी बसते, घोडी बसली की तरफेचा कोन मोडतो. बाकीच्या कशाबशा तग धरून आहेत, या एकीचं छिद्र आधीच थोडं झिजलेलं म्हणून ती पहिली बोंबलली.

तात्पुरता इलाज म्हणून तंबोऱ्याला घालतो तसा दोरा त्या तरफेखाली सरकवला. भणभण गेली, पण तरफही मेली. काढून टाकला.

मग कपाटाचा प्रयोग. आमच्या डोंबिवलीत या दिवसांत खोलीत आर्द्रता ८६ टक्के दाखवतंय मीटर, म्हणून लाकडी कपाटात खाली जुना पिवळा बल्ब आणि वर सारंगी. (तो बल्ब मिळवायला चार दुकानं फिरलो, सगळे एलईडीच दाखवतात, अहो मला उजेड नकोय, ऊब हवीय!) तीन दिवस झाले तरी काटा ७१ च्या खाली येईना. सिलिका जेलच्या पुड्या वाढवल्या, फटीला टेप लावला, काही नाही. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर मागच्या कोपऱ्यात बाबांचे ओले मोजे आणि भाचीचा शाळेचा युनिफॉर्म. "गरम असतं ना तिथे, छान वाळतात," इति आई. मोजे बाहेर, दुसऱ्या दिवशी सकाळी ५८.

५८ वर घोडी जेमतेम १ मिलिमीटर वर आली आणि भणभण बंद! पांढरी दोनला (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) सा लावून तासभर भीमपलास राग वाजवला, कोमल गंधारावर मुद्दाम लोळत बसलो. काय सांगू. पण तासाभराने, उघड्या खोलीत, माशी परत. हळू, पण परत. म्हणून वर "बहुतेक" लिहिलंय. आणि हो, हेअर ड्रायरचा सल्ला देणाऱ्यांनो, कृपा करा, कातडं असं झटक्यात सुकवलं तर फाटेल तरी किंवा कडेचा सरस तरी सोडेल.

आता रोज कपाटातून काढून तासाभरात वाजवून परत आत ठेवणं म्हणजे फ्रीजमधली मासळी झाली. थोर सारंगीवादक पंडित रामनारायण १९४९ पासून मुंबईतच होते, म्हणजे इतके पावसाळे याच हवेत वाजवलंय त्यांनी, मग आपण काय रडायचं. चेलोवाले हवामानाप्रमाणे दोन घोड्या ठेवतात, तशी मी दीड मिलिमीटर उंच "पावसाळी घोडी" करून घ्यायची ठरवली होती. पण तिला तरफांची भोकं अचूक पाडणार कोण? मेरठच्या सारंगी बनवणाऱ्यांकडे पाठवायचं म्हटलं तर येईपर्यंत दिवाळी. मागे एका ऑनलाइन दुकानातून घोडी मागवली होती तिची भोकं अशी होती की दोन तरफा एकमेकींच्या मांडीवर बसायच्या. त्याच पार्सलमधली तात (आतड्याची मुख्य तार) एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. पुन्हा त्या वाटेला नाही जाणार.

हे लिहिता लिहिता सुचलं, नवी घोडी कशाला? घोडी तशीही चामड्याच्या पट्ट्यावरच उभी असते, तिच्या दोन पायांखाली चामड्याचे पातळ तुकडे सारले तर? घरात तुटकी कोल्हापुरी पडलीये, तिचा वरचा पट्टा साधारण दीड मिलिमीटर भरेल. धास्ती एवढीच की उंची वाढली की कातड्यावरचा दाबही वाढणार, आणि ते आणखी बसलं तर सगळं मुसळ केरात. आवाजही थोडा दबेल बहुधा. पण परत काढता येतं, भोकं पाडायची नाहीत, हे बरं. तारा मात्र आधी सगळ्या उतरवाव्या लागतील, म्हणजे रविवार गेला.

कुणी असं केलं असेल तर शनिवारच्या आत सांगा. आत्ता मधल्या तातीला केस सुटलेत, ते नेलकटरने कापतो, बदामाच्या तेलाचं बोट फिरवतो आणि सारंगी कपाटात ठेवतो. मोजे बघून.