कीचकदऱ्यात कॅसिनो?

परतवाड्याच्या स्टँडवर सकाळची एसटी धरली तेव्हा डोक्यात फक्त रबडी होती. धामणगाव गढी मागे पडलं की घाट लागतो, आणि मोथा गाव आलं की रस्त्याच्या कडेला गवळ्यांच्या खव्या-रबडीच्या पाट्या दिसायला लागतात. हल्ली त्यांच्या शेजारी स्ट्रॉबेरीच्याही. डिसेंबरचा सोमवार होता. बसमध्ये आम्ही नऊजण, त्यातले सहा मोथ्यातच उतरले.

चिखलदऱ्याला याआधी मी पावसाळ्यातच गेलो होतो. तेव्हा विदर्भाचं हे एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण म्हणजे नुसती वाहनांची रांग आणि धुक्यात हरवलेली माणसं. या वेळी गाव रिकामं. हॉटेलात अठरा खोल्या, त्यातली एक माझी आणि एक कुण्या नवविवाहित जोडप्याची, जे दोन दिवसांत दोनदाच दिसले.

संध्याकाळी मालकांनी अंगणात शेकोटी पेटवली. मला खुर्ची दिली, स्वतः उकिडवे बसले. "शनवार-रविवारी गाडी ठेवाले जागा नसते, अन् सोमवारपासून कुत्रं फिरकत नाही. नोकरांचा पगार तर रोजचाच हाये ना?" त्यांचं दुखणं खरं होतं. काचेच्या स्कायवॉकची वाट त्यांनी किती वर्षं पाहिली ते ऐकून झालं, आणि मग ते मुद्द्यावर आले. "मी सांगतो तुम्हाले, इथं एक कॅसिनो पायजे. गोव्यासारखा. रिसॉर्ट बांधाचं मोठं, नागपूर-इंदूरचा पैसा सोमवार ते शुक्रवार इथं ओतला जाईल."

मी म्हटलं, काका, आपल्या राज्याने तसा कायदा केला होता. १९७६ साली. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर, असं नाव होतं त्याचं. कायदा झाला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही. ४७ वर्षं कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं.

काका हसले. "चंद्रपूरची दारूबंदी पाहा ना. २०१५ ले केली, २०२१ ले उठवली. सरकारचं काय घेऊन बसले हो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी गोव्यात एकदा कॅसिनोच्या बोटीवर गेलो आहे, खोटं कशाला बोलू. पणजीच्या धक्क्यावरून छोट्या होडीने मांडवीतल्या मोठ्या बोटीवर नेतात. तिकिटातच जेवण, तिकिटातच दारू, गाणी-बजावणी तिकिटातच. मी बसलो होतो त्या दालनात एक खिडकी नव्हती आणि भिंतीवर घड्याळही नव्हतं. हजाराच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, घेतल्या होत्या, त्या तासाभरात संपल्या. मग फुकटचं म्हणून दोनदा जेवलो. बाहेर आलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. भूक नव्हती, तहान नव्हती, खिशात रिक्षापुरते पैसे. धक्क्यासमोर एक म्हातारी ऑम्लेट-पाव विकत बसली होती. आमच्या होडीतून चाळीसेक माणसं उतरली असतील, तिच्याकडे एकही वळला नाही.

ती म्हातारी मला शेकोटीपाशी आठवली. काकांना म्हटलं, तुमची गिऱ्हाईकं सकाळी उठून देवी पॉइंटला जातात, गाविलगडावर धापा टाकतात, येताना मक्याचं कणीस, चहा, रबडी घेतात, गाइडला दोनशे देतात. तुमच्या भाड्यापेक्षा जास्त पैसा गावात पांगतो. तो जुगारवाला त्यांना बाहेरच पडू देणार नाही. त्याचा धंदाच तो आहे, माणूस आत ठेवायचा. तुमच्या अठरा खोल्यांतही कोण कशाला राहील? त्याच्या तीनशे असतील.

"पण कर? चाळीस टक्के जीएसटी हाये त्याच्यावर," काकांनी वाचलेलं होतं. बरोबरच आहे. आधी २८ टक्के होता, २०२५च्या सप्टेंबरपासून ४०. त्यातला निम्मा दिल्लीला, निम्मा मुंबईला. चिखलदऱ्याच्या नळाला उन्हाळ्यात पाणी येत नाही, तिथपर्यंत त्यातलं काय झिरपेल याचा हिशेब काकांनी मनातल्या मनात केला असावा, कारण ते बराच वेळ लाकडं सारत बसले.

मला खटकतं ते आणखी वेगळं. गोव्याने २०२०पासून गोवेकरांनाच कॅसिनोत जायला मनाई केली आहे. नेपाळमध्ये नेपाळ्यांना मनाई. म्हणजे खानावळ आपलीच, पण घरच्यांनी तिथे जेवायचं नाही! जेवण कसं आहे हे मालकाला ठाऊक असल्याशिवाय असं होत नाही. आणि इथे मनाई करायची म्हटली तर कुणाला? माझ्या आजोळी पानठेल्यावर सट्टापट्टी चालायची. कापसाचे पैसे हातात आले की मामा ओपन-क्लोजच्या हिशेबाला बसायचा. त्याची दोन एकर त्यात गेली. तो काही नागपूर-इंदूरचा शेठ नव्हता. कॅसिनोच्या दारात मात्र तो अमरावती जिल्ह्यातला पर्यटक ठरला असता.

दुसऱ्या दिवशी एकटाच भीमकुंडावर गेलो. दरी इतकी शांत होती की खालच्या कुठल्याशा पाड्यातल्या कोंबड्याचं आरवणं वर ऐकू येत होतं. भीमाने कीचकाला मारून याच दरीत टाकलं आणि इथेच हात धुतले, म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, असं इथलं कुणीही सांगतं. पांडव विराटाच्या घरी तोंड लपवून का राहत होते, हे मात्र सांगताना राहून जातं. फाशांपायी! आणि अज्ञातवासात धर्मराजाने काम तरी कुठलं धरावं? कंक नाव घेऊन राजाशी द्यूत खेळायचं. सगळं घालवून झाल्यावरही माणूस त्याच पटाशेजारी जाऊन बसला. व्यासांना माणूस कळला होता, एवढंच म्हणतो. आपली विदर्भकन्या दमयंती तरी दुसऱ्या कशाने रानोमाळ झाली?

परत आलो तेव्हा माझी खोली झाडणारा कोरकू मुलगा पायरीवर बसला होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. दिवाळीनंतर त्याच्या गावातली निम्मी माणसं बांधकामावर निघून गेली होती, हा हॉटेलमुळे मागे राहिला. होळीला सगळे परत येतील म्हणाला. रात्री शेकोटीला लाकडं त्यानेच आणून दिली होती, त्यामुळे आमचं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"सर, तो कॅसिनो होणार का खरंच?"

"नाही रे. कायदाच नाही त्याचा."

"बरं." थोडं थांबून, "झाला असता तर पगार किती देते तिथं?"

मला माहीत नव्हतं. इंग्रजी बोलणारी, पत्ते वाटायला शिकवलेली मुलं लागतात, एवढं सांगितलं.

"झाडाले पण इंग्रजी लागते?"

एसटीचा हॉर्न वाजला. रबडी घ्यायची राहून गेली होती. तो पळत जाऊन अर्धा किलो घेऊन आला, आणि उरलेले वीस रुपये मी नको म्हणत असताना खिडकीतून आत टाकले.