न जाणवणारी साखर

साखर कमी करायची असे ठरवणारा माणूस पहिला घाव बहुधा गोडधोडावर घालतो. जेवणानंतरचा आवडीचा पदार्थ बंद होतो, कोणी केकचा तुकडा पुढे केला तर हात आखडता घेतला जातो, आणि चहा एका रात्रीत बिनसाखरेचा होऊन तोंड वाकडे करत घशाखाली उतरवला जातो. यामागच्या निग्रहाबद्दल मला आदर आहे, पण त्यात थोडा अन्यायही दिसतो. कारण ज्या साखरेने खरोखर आनंद दिला तिला शिक्षा होते, आणि जी तोंडात आल्याचे जिभेला कळतही नाही ती बिनबोभाट पोटात जात राहते. साखर कमी करायचीच असेल, तर सुरुवात या दुसऱ्या साखरेपासून व्हावी, असे माझे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, आणि हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता आले तर अधिक बरे. एका ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, तेव्हा रोज २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी पहिली मर्यादा ५० ग्रॅमची आणि दुसरी २५ ग्रॅमची, म्हणजे चहाच्या साधारण ६ चमच्यांची होते. मुक्त साखरेत आपण किंवा कारखान्याने वरून घातलेली साखर तर येतेच, शिवाय मध, सिरप आणि फळांचा रस यांत मुळातच असलेली साखरही येते. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर मात्र या हिशेबात धरत नाहीत. रस दोषी आणि फळ निर्दोष, हा निवाडा पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतो. पण एक संत्रे सोलून खाल्ल्यावर ज्याचे समाधान होते, तोच माणूस तीन-चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन पुढे काय खायचे याचा विचार करू लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो पटायला हरकत नाही.

सहा चमचे ही संख्या काही लहान वाटत नाही. मात्र साखर घातलेल्या कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यातच सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. पेलाभर कोमट पाण्यात सात-आठ चमचे साखर ढवळून कोणी हातात दिली, तर दुसरा घोट घेणारा विरळाच निघेल. तेवढीच साखर थंडगार कोलातून मात्र सहज उतरते, कारण गारव्यामुळे जिभेची गोडाची जाण मंदावते आणि फॉस्फरिक आम्लाचा आंबटपणा उरलेला गोडवा झाकून टाकतो. उघडा राहून कोमट झालेला, वायू निघून गेलेला कोला एकदा पिऊन पाहावा, म्हणजे आपण एरवी काय पितो ते कळते. वितळलेले आइस्क्रीम गोठलेल्यापेक्षा जास्त गोड लागते, त्यामागेही तपमानाचाच हात असतो. पदार्थ बनवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे जे गारच खायचे त्यात साखरेचा हात सैल सोडलेला असतो. केचपला तर कोणी गोड पदार्थांत मोजतच नाही, पण त्याच्या एका मोठ्या चमच्यात चहाच्या चमच्याएवढी साखर सहज निघते. फळांच्या स्वादाचे, ‘स्निग्धांश कमी’ असे मिरवणारे दही हेही असेच एक साळसूद प्रकरण: स्निग्धांश काढल्यावर चव पातळ होते, आणि ती भरून काढायला बऱ्याचदा साखरच येते.

वेष्टनावरची घटकांची यादी बहुतेक ठिकाणी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, एवढे माहीत असले की आपण तज्ज्ञ झालो असे वाटू लागते. परंतु साखर त्या यादीत एकाच नावाने आलेली असेल याची खात्री नसते. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, आटवलेला फळांचा रस अशी ती तीन-चार ठिकाणी विभागून आली, की प्रत्येकीचा क्रमांक खाली घसरतो आणि यादीच्या अग्रभागी धान्याचे नाव मोठ्या प्रतिष्ठेने बसते. त्यामुळे यादीपेक्षा पोषणमूल्यांच्या तक्त्यातला, दर १०० ग्रॅममागचा साखरेचा आकडा पाहणे मी पसंत करतो. त्यात दुधातली साखरही धरलेली असू शकते, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

जीभ शिकवली तर शिकते, असे म्हणतात, आणि ते पुष्कळसे खरे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही जणांच्या आहारातली साखर तीन महिने बरीच कमी ठेवली गेली, तेव्हा तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यांना पूर्वीचेच पुडिंग अधिक गोड लागू लागले. हा भाग सगळे हौसेने सांगतात. उरलेला भाग असा, की तो गोडवा किती आवडतो यात फरक पडला नाही, आणि बंधन उठताच त्या मंडळींनी आपली साखर पुन्हा वाढवली. मला हा उरलेला भाग जास्त प्रामाणिक वाटतो. काळोखात डोळे सरावले म्हणून कोणाला उजेड नकोसा होत नाही, तसेच हे आहे. आवड बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा चहातली साखर पाव-पाव चमच्याने उतरवावी आणि शीतपेयाची बाटली घरात आणूच नये, यात निग्रह कमी लागतो.

कृत्रिम गोडीचा मार्ग या अडचणीवरचाच, पण तो मला फारसा पटत नाही. १८७९ साली हात न धुता जेवायला बसलेल्या एका रसायनतज्ज्ञाच्या बोटांवर सॅकरिन सापडले, अशी हकिकत सांगितली जाते. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असते. उष्मांक वाचतात हे खरे, पण जिभेची मागणी होती तेवढीच राहते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र तो लागू केलेला नाही.

स्वयंपाकघरात साखर कमी करताना ती तिथे नुसती गोडीसाठी नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. केकमध्ये ती ओलावा धरून ठेवते आणि रंग आणते, तरी पाव हिस्सा वगळला तर खाणाऱ्याला बहुधा पत्ता लागत नाही. जॅमचे तसे नाही. तिथली साखर फळातले पाणी बांधून ठेवते, म्हणूनच त्यावर सहजासहजी बुरशी धरत नाही. ती निम्म्यावर आणली तर बरणी फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावी लागते. आणि लवकर संपवायचा म्हणून तो जॅम इतका जाड थर देऊन खाल्ला जातो, की बरणीतून वाचवलेली साखर पावावरून परत येते.