एक्स-रे रूमचं दार, सुरगाण्याची बदली आणि मॅट : माझा अनुभव

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, राज्य सरकारची नोकरी, नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात. नाव सांगत नाही, अजून तिथेच आहे. घर नाशिकच्या सिडकोत, रोज एसटीने ये-जा. सेफ्टीची तक्रार केल्यावर माझी बदली झाली आणि ती मॅटमधून (राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या वादांचं न्यायाधिकरण) रद्द करून आणली, त्याबद्दल ओळखीतल्या सिस्टर, लॅबवाले सारखे विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी मूळ भानगड. रेडिएशन बाहेर जाऊ नये म्हणून एक्स-रे रूमच्या दाराला शिशाचा पत्रा असतो, आमचा तो वजनाने खाली सरकला होता आणि दारही बसलेलं, त्यामुळे पूर्ण लागायचंच नाही, चांगली बोटभर फट. समोरच बाकडं. त्याच कॉरिडॉरमध्ये सोनोग्राफी, म्हणजे बाकड्यावर बसणार कोण तर तपासणीला आलेल्या गरोदर बायका, काही जणी पाड्यावरून पहाटेच निघालेल्या. मी एक्स-रे काढायच्या आधी बाहेर जाऊन सांगायचे की ताई जरा तिकडे बसा, त्या बिचाऱ्या उठायच्या, आणि मी आत गेले की दुसरं कोणीतरी येऊन बसायचं. दुसरं म्हणजे टीएलडी बॅज. छातीवर लावतो तो छोटा बॅज, दर तीन महिन्यांनी लॅबला जातो, आपल्याला किती रेडिएशन बसलं ते त्यावरून कळतं. आमच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, बाहेर बसलेल्या सामान्य माणसासाठी वर्षाला फक्त १. बिल थकलं म्हणून आमचे बॅज येणंच बंद झालेलं. मग किती बसलं हे मोजणार कशाने? मशीनची क्यूए टेस्ट, म्हणजे मशीन नीट चालतंय का याची तपासणी, दोन वर्षांनी करायची असते, तीपण राहिलेली.

तोंडी सांगून झालं. "मॅडम, इतकी वर्षं कोणाला काय झालंय का?" हे उत्तर. मग लेखी अर्ज दिला, आवकमध्ये (आलेली पत्रं नोंदवून घेतात तिथे), आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घेऊन. आवकचे भाऊसाहेब म्हणाले, "ताई, आतच देऊन टाका ना साहेबांना, शिक्का कशाला?" मी म्हटलं, भाऊसाहेब, शिक्का मारा. पुढे जे काही वाचलं ते त्या शिक्क्यांमुळे वाचलं. काहीच हललं नाही तेव्हा दुसरा अर्ज, आणि त्याची प्रत एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषद, अणुशक्तीनगरला ऑफिस आहे त्यांचं, एक्स-रे मशीनचं लायसन्स तेच देतात.

यानंतर सुरू झालं. आधी बायोमेट्रिकवरून मेमो, की तुम्ही उशिरा येता. एसटी चुकली की दहा मिनिटं सगळ्यांचीच जातात, मेमो मला एकटीला. मग कारणे दाखवा नोटीस: वरिष्ठांशी उद्धट वर्तन आणि कार्यालयाला डावलून परस्पर पत्रव्यवहार. मग गोपनीय अहवाल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा शेरा, आधीची सगळी वर्षं चांगली आणि त्या वर्षी एकदम खाली. आणि नोव्हेंबरात बदली, सुरगाण्याकडे, आदेशात कारण दोनच शब्दांत, "प्रशासकीय कारणास्तव". त्याच संध्याकाळी एकतर्फी कार्यमुक्त. मी ड्युटी संपवून स्टँडवर उभी आणि फोनवर पीडीएफ.

घरी वेगळाच गोंधळ. सासरे म्हणाले गप जा, वाद नको, मनमाडजवळ २०११ ला सोनवणे साहेबांचं काय झालं आठवतं ना. अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे, तेलभेसळ पकडायला गेले आणि भरदिवसा जाळलं त्यांना. माझं प्रकरण त्याच्या नखाएवढंही नाही, पण आमच्या जिल्ह्यात ते नाव निघालं की घर शांत होतं हे खरं.

मला वाटलं तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा असेलच. आहे पण आणि नाही पण. व्हिसल ब्लोअर कायदा २०१४ मध्येच संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करायची तारीख सरकारने काढलीच नाही, म्हणजे पुस्तकात आहे आणि वापरता येत नाही. त्याआधीचा २००४ चा केंद्राचा ठराव आहे, सत्येंद्र दुबे या इंजिनिअरच्या खुनानंतर आलेला, त्यात तक्रार दक्षता आयोगाकडे जाते पण तो केंद्राच्या कारभारापुरता. राज्याच्या एक्स-रेवालीला त्याचा काय उपयोग!

शेवटी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ जिल्हा कोर्टाच्या आवारात एका ओळखीच्या वकिलांना गाठलं, ते म्हणाले हे इथलं कामच नाही, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं सर्व्हिस मॅटर मॅटमध्ये जातं, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि नाशिकवाल्यांना मुंबई. (जळगाव-धुळेवाल्यांना संभाजीनगर. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या लोकांसाठी मॅट नाही, त्यांचे रस्ते वेगळे, त्यामुळे माझं वाचून उगाच मुंबई गाठू नका.) त्यांनीच मुंबईतले वकील दिले.

मुंबईचे वकील पहिल्या भेटीत जे बोलले ते ऐकून मला खरं तर राग आला होता. "मॅडम, तुमचं दार किती धोकादायक होतं हे तिथे कोणी विचारणार नाही. विचारतील ते हे, की बदली कायद्याप्रमाणे झाली का." २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, त्यात बदल्या एप्रिल-मे मध्ये, एकदाच. गट क ला, म्हणजे माझ्यासारख्यांना, मंत्रालयाबाहेर एका ठिकाणी दोन टर्म म्हणजे सहा वर्षं मिळतात. मध्येच हलवायचं तर कलम ४(५) खाली खास कारण लेखी पाहिजे आणि त्याला एक पायरी वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी पाहिजे. आधी, हा शब्द महत्त्वाचा. शिवाय प्रस्ताव नागरी सेवा मंडळापुढे, म्हणजे बदल्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे, जावा लागतो. माझी सहा वर्षं झालेली नव्हती आणि महिना नोव्हेंबर. दुसरा मुद्दा सुप्रीम कोर्टाचा २००८ चा सोमेश तिवारी निकाल, शिक्षा द्यायची म्हणून केलेली बदली टिकत नाही. त्यासाठी वकिलांनी एक साधा तक्ता केला, डावीकडे माझे अर्ज तारखेसकट, उजवीकडे त्यानंतर आलेलं त्यांचं पत्र. खाली काही लिहिलंच नाही. लिहायची गरजच नव्हती.

आता रुजू व्हायचं की नाही हा सगळ्यात अवघड प्रश्न. लोक सांगतात मेडिकल रजा टाका आणि घरी बसा. वकिलांनी नको म्हटलं, मेडिकल बोर्डाकडे पाठवतील, पगार अडकेल आणि वर दिसायलाही वाईट. मी सुरगाण्याला जाऊन रुजू रिपोर्टमध्येच लिहिलं, बदली मान्य नाही, कायदेशीर हक्क राखून रुजू होत आहे. तिथे खोली घेतली, मुलगी इकडे आजीकडे. तिथली माणसं चांगली होती, ते वेगळं सांगायला पाहिजे, त्यांनी मला कधी 'तक्रारवाली' म्हणून वागवलं नाही. पगार मात्र तरी अडकलाच, कारण जुन्या ऑफिसने अंतिम वेतन प्रमाणपत्र दिलं नाही आणि सेवार्थमधून (पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली) नावही सोडेनात. त्यासाठी वेगळी पत्रं, वेगळे शिक्के.

मॅटमधल्या पहिल्या तारखेला पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. मॅट मंत्रालयाजवळच आहे. सरकारी बाजू मांडणाऱ्या पी.ओ. (प्रेझेंटिंग ऑफिसर) मॅडमनी सूचना घ्यायला वेळ मागितला, मिळाला. स्टे मिळाला नाही कारण मी कार्यमुक्त होऊन रुजूसुद्धा झाले होते, पण माझ्या जुन्या जागेवर पुढच्या तारखेपर्यंत कोणाला आणू नका एवढं झालं. वकील म्हणाले अर्धं काम झालं, जागा भरली असती तर दुसऱ्या माणसालाही पार्टी करावं लागलं असतं आणि मग ते लांबतं. मला तेव्हा ते अर्धं बिर्धं काही वाटलं नाही, मी परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत रडत होते.

शपथपत्रात त्यांनी बदली 'लोकहितार्थ' म्हटली. मग मॅटने बदलीची नस्ती, म्हणजे मूळ फाइल, मागवली आणि तिथे उलगडा झाला. टिपणीत लिहिलेलं, "सदर कर्मचारी सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाहीत, परस्पर पत्रव्यवहार करतात." लोकहित कुठेच नाही. मंडळाच्या इतिवृत्तावर एकाची सही नाही, आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी आदेशानंतरच्या तारखेची, कार्योत्तर. निकाल देणाऱ्या मॅटच्या मेंबरनी पी.ओ. ना विचारलं, ही मंजुरी आधीची कशी म्हणायची? उत्तर आलं नाही. आदेश रद्द, मूळ जागी परत घ्या. निकालात रेडिएशनचा उल्लेख एका ओळीत आहे, पार्श्वभूमी म्हणून. वकिलांनी आधीच सांगितलेलं होतं, तरी थोडं लागलं.

त्या ओळीचं वाईट वाटायचं कारण ती कारणे दाखवा नोटीस. तिला उत्तर लिहिताना मी २००४ चे रेडिएशन प्रोटेक्शनचे नियम वाचून काढले होते आणि त्यात कामगाराची जबाबदारी म्हणूनच लिहिलंय की धोकादायक परिस्थिती लक्षात आली तर लायसन्सधारकाला आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला कळवायचं. म्हणजे ज्या अर्जाला ते उद्धटपणा म्हणत होते तो न देणं हा नियमभंग झाला असता. हे मी खुलाशात लिहिलं. त्यावर आजपर्यंत ना दोषमुक्त, ना शिक्षा, नोटीस तशीच लटकत ठेवलीय, आणि प्रमोशनची यादी निघाली की तीच पुढे येणार असं युनियनचे दादा सांगतात. ती बंद करा म्हणून स्मरणपत्र दिलंय, आता त्यासाठी पण मॅटच करावं लागेल बहुतेक. माहिती अधिकारात, दहा रुपयांचा अर्ज, मी इतर कर्मचाऱ्यांच्या उशिराच्या मेमोंची संख्या मागितली होती, ती मिळाली, त्या वर्षी दुसरं कोणीच नाही. ते कागद जपून ठेवलेत. गोपनीय अहवालाविरुद्धचं अभिवेदन मात्र मान्य झालं, शेरा वर गेला.

आणि दार? मी सुरगाण्याला असतानाच बदललं. एईआरबीकडून पत्र आलं म्हणे, मग धावपळ, नवीन दार, नवीन पत्रा, क्यूए पण झाली, बॅज पुन्हा सुरू. मी परत रुजू झाले तेव्हा साहेब म्हणाले, "बघा मॅडम, आम्ही करूनच घेतलं." मी हो म्हटलं. बाकडं तेवढं अजून तिथेच होतं, ते मी आणि वॉर्डबॉयने उचलून पलीकडच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं, त्यासाठी कोणाची मंजुरी घेतली नाही.