आडनाव सोडा, सर्व्हे नंबर धरा: घराण्याचा शोध महसुली दप्तरांतून

पणजोबांच्या मागचं नाव शोधायला निघालेली बहुतेक मंडळी आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. शंभर वर्षांपूर्वीच्या महसुली कागदांत आडनाव असेलच असं नाही. माणूस नुसता ‘राणू बिन बाबाजी’ असतो, फार तर पुढे ‘सुतार’ किंवा ‘पाटील’. एका भावाने शाळेत गावावरून आडनाव लावलं, दुसऱ्याने मूळचंच ठेवलं, हे तर घरोघरी आहे. जमीन मात्र जागची हलत नाही. घरात कधीकाळी थोडीफार शेती असेल, तर जमिनीच्या नंबराला धरून मागे जाणं हा सगळ्यांत भरवशाचा रस्ता.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. नावांजवळ फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) क्रमांक असतात आणि ‘जुने फेरफार क्र.’ असाही एक रकाना असतो. तिथले सगळे आकडे उतरवून घ्या आणि एकेका फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ मधल्या नोंदीची, नक्कल काढा. अलीकडचे फेरफार तलाठी कार्यालयात मिळतात, जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात. स्कॅन झालेले जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून उतरवून घेता येतात, पण तिथे सापडलं नाही म्हणून कागदच नाही असं समजू नका.

वारसाचा जुना फेरफार साधारण असा असतो: ‘खातेदार राणू बिन बाबाजी मयत. वारस मुलगे १) धोंडू २) सखाराम अ.पा.क. आई भागीरथी कोम राणू.’ एवढ्या दोन ओळींत तीन पिढ्या आहेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन करणार, अर्थात सखाराम तेव्हा अठराच्या आतला. नोंद १९२६ ची असेल तर त्याचा जन्म १९०८ च्या आधीचा नाही, हे हिशेबाने निघतं. दोन ठिकाणी मात्र सावध राहा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारसनोंद कित्येकदा दहा-दहा वर्षं उशिरा झालेली असते. आणि ‘आई’ लिहिलं म्हणून ती सख्खीच असेल असं नाही.

‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरं दिसली की थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून फक्त थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं आहे, धाकटे भाऊ होतेच. ते पुढे वाटपाच्या फेरफारात अचानक उगवतात आणि लोक त्यांना थोरल्याची मुलं समजून वंशावळ एका पिढीने चुकवतात. मुलींची नावं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी बहुधा गाळलेली असतात, नंतरही पुष्कळदा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली. ती आवर्जून वाचा, कारण लग्न झालेल्या मुलीपुढे सासरचं नाव असतं आणि कधी गावही. आत्याबाईंच्या घराण्याचा दुवा तिथेच मिळतो.

मागे जाताना बहुतेकांचा धागा एकत्रीकरणापाशी तुटतो. १९४७ च्या कायद्यानंतर गावोगावी तुकडे एकत्र करून सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. गट नंबर घेऊन १९३५ चा फेरफार शोधलात तर दुसऱ्याच कुणाची जमीन हाती येईल. त्यासाठी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ‘९(३) ९(४)’ चा उतारा घ्या. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता हिस्सा कोणत्या गटात गेला ते त्यात असतं. कोकणात बऱ्याच गावांत एकत्रीकरण झालेलंच नाही, त्यामुळे तिथे हे काम सोपं.

जुन्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्याआधीचं, म्हणजे फेरफार नव्हते तेव्हाचं पाहायचं तर सूडपत्रक, कडईपत्रक अशी जमिनीची जुनी पत्रकं भूमि अभिलेखात मागावी लागतात आणि ती मोडी लिपीत असतात. इनामदार, वतनदार घराण्यांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, आहेच. जुनी सालं नीट उलगडून घ्या. शकात ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ७९. आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९० मिळवले की ते साल ज्या इसवी सनाच्या जूनमध्ये सुरू झालं तो सन येतो. फसली १२९० म्हणजे १८८०-८१. मोडी कागदांत सुहूर सन (मराठेशाहीत वापरात असलेली आणखी एक कालगणना) अरबी शब्दांत लिहितात: ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, ११६४. त्यात ५९९ मिळवा, १७६३-६४ येईल.

जमीन नव्हती त्यांचं काय? कसणारं कूळ असेल तर कुळकायद्याच्या ‘३२ ग’ च्या (कुळाने जमीन विकत घेण्याच्या) प्रकरणात जबाब सापडतात, आणि त्यांत वडील-आजोबांची नावं असतात. महार वतनासारख्या वतनांच्या कागदांत तक्षिमेप्रमाणे, म्हणजे वाट्याप्रमाणे, वारसांची नावं असतात. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, हे सगळ्या जातींचं जन्म-मृत्यूचं दप्तर. अडचण इतकीच, की जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव. म्हणून तिथे जन्मापेक्षा मृत्यू आधी शोधावा: नाव, वय, आजार असं सगळं मिळतं. शाळेच्या जनरल रजिस्टरातली १ जून ही जन्मतारीख मात्र खरी मानू नका. नाव दाखल करायला वय बसावं म्हणून ती सर्रास टाकलेली असते.

अभिलेख कक्षात अर्ज करताना गाव, त्या काळचा तालुका आणि दहा-पंधरा वर्षांची मर्यादा लिहा. ‘सर्व जुने रेकॉर्ड मिळावे’ असा अर्ज हमखास पडून राहतो. त्या काळचा तालुका आणि जिल्हा महत्त्वाचा, कारण सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून, आणि जुनी दप्तरं मूळ ठिकाणीच राहिलेली असू शकतात. आधी पाहणी मागा, पान नक्की करा, मग नक्कल. पानाचा फोटो काढू दिला तर वरच्या रकान्यांच्या मथळ्यांसह पूर्ण पान घ्या. घरी गेल्यावर कोणता आकडा कशाचा हे त्याशिवाय कळत नाही. ‘आढळ होत नाही’ असं सांगितलं तर तेच लेखी घ्या. ते मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या, यजमान घराण्यांची नावं असलेल्या वह्या पाहायला जाणार असाल तर मूळ गाव सांगा. पुण्या-मुंबईचा पत्ता सांगून तुमचे उपाध्ये कोण हेच ठरणार नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी समाजाचे लोक अजून घराण्यांची वंशावळ राखून आहेत. त्यांच्याकडची नावं फेरफाराशी ताडून घ्या; दोन्हीकडे भावांचा क्रम सारखा आला तर ती पिढी पक्की धरायला हरकत नाही.