झेडपीतून विधानसभेत गेलेले आबा

आमच्याकडं तासगाव भागात आर. आर. पाटील म्हटलं की कुणी पूर्ण नाव घेतच नाही, नुसतं आबा. अंजनीचे आबा 1979 ला सावळज गटातून झेडपीवर निवडून गेले, आणि 1990 पर्यंत तिथंच होते. म्हणजे जवळपास 11 वर्षं! मग 1990 ला तासगावातून आमदार, आणि पुढं 2014 पर्यंत सलग सहा वेळा.

मला त्यातली ती 11 वर्षंच सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण झेडपी मेंबरकडं लोक काय घेऊन येतात तर शाळेची गळकी खोली, बंद पडलेली नळपाणी योजना, रस्त्याची खडी, अन् ते काम कुठल्या टेबलावर अडलंय हे त्याला स्वतः जाऊन बघावं लागतं. 1999 ला ग्रामविकास खातं मिळालं आणि पुढच्या वर्षी त्यांनी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं ते उगाच नाही.

तेव्हा मी शाळेत होतो. तपासणी कमिटी येणार म्हणून पहाटेच अख्खी गल्ली खराटे घेऊन बाहेर, आजीनं दारात सडा टाकलेला, आणि गटारीच्या कडेला ओल्या चुन्याचा पट्टा, त्यात माझा पाय पडला म्हणून काकांनी ओरडा दिलेला.

2022 नंतर कित्येक झेडप्यांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसवले होते, मेंबरच नव्हते. तेवढ्या काळात असा एखादा पोरगा घडला असता, याचंच मला फार वाईट वाटतं.