ओळंबा हातात देणारे सर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी सर्व बाजूंनी लिहावे असा माझा विचार होता. परंतु कागद पुढे ओढल्यावर आपल्या चित्रकलेच्या सरांवाचून दुसरे काही सुचेना. तेव्हा मुख्याध्यापक आणि अन्य गुरुजनांची क्षमा मागून केवळ सरांविषयीच लिहितो. त्यांचे नाव लिहिण्याची आवश्यकता या शाळेच्या कोणाही विद्यार्थ्याला वाटणार नाही.

वेळापत्रकात त्यांच्या तासापुढे ‘चित्रकला’ असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात ते आम्हाला वाई, म्हणजे कृष्णाकाठचे आमचे गावच, शिकवत. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ज्यांना यायचे असेल त्यांना घेऊन ते घाटावर जात. गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंतचे घाट आम्ही जन्मापासून पाहत होतो, म्हणजे खरे तर कधीच पाहिले नव्हते. सरांचा दंडक असा की, चित्र काढण्याआधी मोजायचे आणि मोजण्याआधी हात लावून पाहायचे. मोजपट्टी मिळत नसे. गाठी मारलेली सुतळी, नाही तर आपली वीत. जोत्याचे थर किती, खालचे चिरे मोठे आणि वरचे लहान का, दोन चिऱ्यांच्या सांध्यात नख शिरते की नाही, हे वहीत उतरवून घेतल्याशिवाय पेन्सिलला टोक काढायची परवानगी नसे. सुतळीला दगड बांधून केलेला ओळंबा त्यांनी प्रत्येकाच्या हातात दिला होता. भिंत सरळ आहे की झुकली आहे, हे डोळ्यांनी ठरवू नये, हे मी तेव्हा शिकलो आणि आजही त्यावरच पोट भरतो.

ढोल्या गणपतीचा प्रसंग आमच्या तुकडीतील कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे आणि कृष्णेच्या पुराचे पाणी त्या भिंतीवर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते, हे वाईत लहान पोरही सांगते. सरांना हे सांगणे पुरेसे वाटले नाही. त्यांनी शाळेच्या टाकीजवळच्या चारीत शाडूच्या मातीची दोन देवळे करायला लावली; दोन्ही सारख्या उंचीची, पण एकाची मागची भिंत सपाट आणि दुसऱ्याची निमुळती होत गेलेली. मग बादल्या आल्या. पहिल्या बादलीत दोन्ही देवळे उभी राहिली आणि आमची निराशा झाली. तिसऱ्या-चौथ्या बादलीला सपाट भिंतीपुढे पाणी तुंबले, फेसाळले, भिंतीचे कोपरे विरघळू लागले आणि पायथ्याची माती उकरली जाऊन देऊळ पुढे कलंडले. निमुळत्या भिंतीचे देऊळ चिखलाने माखले, थोडे झिजलेही, पण जागचे हलले नाही. शिपाईमामांनी पाणी वाया घालवल्याबद्दल आमची जी संभावना केली, ती सरांनी आमच्यासकट मान खाली घालून ऐकून घेतली.

त्यावर एका मुलाने विचारले, “पण सर, मुळात देऊळ नदीपासून लांब बांधले असते तर?” दुसऱ्या कोणी शिक्षकांनी त्याला खाली बसवले असते. सर म्हणाले, “बरोबर आहे तुझे. उद्या सकाळी सहाला घाटावर जा, दोन तास बस आणि कोण कोण कशासाठी येते ते लिहून आण.” त्याने आणलेली यादी फळ्यावर लिहिली गेली: स्नान, धुणे, पाणी भरणे, संध्या, दहाव्याचे विधी, गुरे पाण्यावर नेणे आणि शेवटी ‘काही काम नसलेले आजोबा’. त्या यादीतूनच सरांनी आम्हाला घाट, देऊळ आणि आळी यांचा नकाशा काढायला लावला. गाव नदीकडे तोंड करून का बसले आहे, हे मला नंतर कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतके स्वच्छ दिसले नाही.

मेणवलीला आम्ही चालत जात असू. नाना फडणवीसांच्या वाड्यात शिरताना सर मोठ्या दारातल्या छोट्या दिंडीपाशी प्रत्येकाला थांबवून विचारत, “वाकावे का लागले?” ओसरीवर खण, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, मोजायचे, खांबांच्या पायथ्याचे दगड चितारायचे, वरच्या लाकडी कडीपाटापासून आडव्या तुळईवर आणि तिथून खांबावर वजन कसे खाली येते ते बोटाने हवेत दाखवायचे, हा क्रम ठरलेला होता. घाटावरची वसईहून आलेली घंटा मात्र वाजवायला बंदी होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या अशा अनेक घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. सरांनी आम्हाला डोळे मिटून घंटेवरून बोटे फिरवायला लावली. बाळाला घेतलेल्या बाईची आकृती आधी बोटांना लागली. ती मेरी आणि येशू हे आम्हाला मागाहून कळले. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलचे शिसे घासून घेतलेला ठसा बरीच वर्षे चित्रकलेच्या वर्गात लावलेला होता.

कमान तर आम्ही धुण्याच्या साबणाची केली. वड्या पाचरीसारख्या कापून, खाली पुठ्ठ्याचा गोलाकार साचा देऊन त्या रचल्या, मधली वडी शेवटी बसवली आणि साचा काढून घेतला. कमान उभी राहिली, तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. सरांनी लगेच कडेच्या दोन वड्यांना लावलेला टेकू काढला, तशी ती फाकून कोसळली. कमानीला दोन्ही बाजूंनी कोणीतरी धरून ठेवावे लागते, हे शिकवायला एवढे पुरले.

मी पुढे स्थापत्य अभियंता झालो आणि गेली काही वर्षे जुन्या वाड्यांच्या व देवळांच्या दुरुस्तीचेच काम करतो. तीन वाडे आणि एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पुन्हा नांदती करण्यात माझा वाटा आहे, हे येथे थोड्या अभिमानाने नमूद करतो. सर असते तर त्यांनी आधी सांध्यांत नख घालून पाहिले असते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात, हे मला रोज नव्या माणसाला समजावून सांगावे लागते. काळ्या दगडाच्या खांबांना ऑइलपेंट फासून ‘जीर्णोद्धार’ झाल्याचा फलक लावणारी मंडळीही भेटतात. त्यांच्याशी वाद घालताना माझा आवाज चढतो, तो सरांचा गुण नव्हे.

हल्ली सहली वॉटर पार्कला जातात असे ऐकतो. मुलांना पाणी आवडते हे मान्य. पण गावात कृष्णा वाहत असताना त्यासाठी बस करावी लागावी, हे मला पटत नाही. प्रकल्पवहीत आंतरजालावरून छापून घेतलेले वाड्याचे चित्र चिकटवले की वारसा शिकवून झाला, ही समजूतही तशीच.

माझी एक विनंती आहे. सरांनी आमच्याकडून करून घेतलेले वाड्यांचे मोजमापांसह आराखडे अनेकांच्या घरी माळ्यावर पडून असतील. त्यांतले काही वाडे आता उभे नाहीत आणि जे आहेत, त्यांची दुरुस्ती करताना खणाची रुंदी, खांबाचा घेर, जोत्याची उंची यांचे जुने आकडे फार उपयोगी पडतात, मग ते विती-हातांत का असेनात. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते शाळेच्या कार्यालयात आणून द्यावेत. ते नीट लावून, त्यांच्या प्रती काढून घेण्याचे काम आणि त्याचा खर्च मी करीन.