दोन बिऱ्हाडांचा एक बंगला

लंडनला गेलेला मराठी माणूस १०, किंग हेन्रीज रोडला जातोच. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब त्या घरात राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. तिथून बाहेर पडल्यावर मी मावसभावाला म्हटलं, "लगेच स्टेशन नको रे, जरा भटकू." ॲडलेड रोड ओलांडला आणि प्रोव्होस्ट रोडवर पाय अडकलेच.

हा सगळा परिसर ईटन कॉलेज या नामांकित शाळेच्या मालकीचा होता. प्रोव्होस्ट म्हणजे तिथला प्रमुख, म्हणून रस्त्याला हे नाव. १८४०च्या दशकात कॉलेजने इथे घरं बांधू दिली. लांबून पाहिलं तर ऐसपैस पांढरा बंगला. जवळ गेल्यावर कळतं, बिऱ्हाडं दोन आहेत आणि मधली भिंत सामाईक. पुण्यात याला आपण ट्विन बंगलो म्हणतो. पण आपल्याकडे दोन घरं आहेत हे ओरडून सांगतात, इथे ते लपवलंय. अर्ध्या बंगल्याच्या पैशांत अख्ख्या बंगल्याचा रुबाब!

मला सगळ्यात आवडली ती वळचण. कमी उताराचं स्लेटचं छप्पर भिंतीच्या चांगलं पुढे आलेलं. ही ढब इटलीतल्या खेड्यांमधल्या घरांची. वास्तुकार जॉन नॅशने १८०२च्या सुमारास श्रॉपशर परगण्यात क्रॉनखिल नावाचा बंगला बांधून ती इंग्लंडात आणली आणि पुढे राणी व्हिक्टोरियाच्या ऑसबोर्न हाऊसमुळे तिची चलती झाली. तिकडे उन्हासाठी काढलेली वळचण इथे बिचारी पावसाच्या कामी येते.

भिंती दगडी वाटतात, तीही हातचलाखीच. आत वीट, वर गुळगुळीत गिलावा. त्या काळच्या लंडनमध्ये अशा गिलाव्यावर रेघा ओढून दगडांचे खोटे सांधेही काढत. खोटं असलं तरी देखणं आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार असेल तर रंगाऱ्याची असावी, कारण गिलाव्याला सतत रंग लागतो. एका जोडीत डावीकडची बाजू नुकतीच रंगवलेली, उजवी पिवळट पडलेली. रंग बरोब्बर मधोमध थांबलेला. लपवलेली भिंत अशी बाहेर दिसत होती!

मी त्याचाच फोटो काढत होते, तोवर पिवळट बाजूच्या खिडकीचा पडदा हलला. "चल आता," भाऊ पुटपुटला. आम्ही निमूट चॉक फार्म स्टेशनची वाट धरली.